हाताचं वजन

ये गं, अशी जवळ बस. तिकडं दारापाशी पाहुण्यासारखी काय टेकलीस? आज तुला जरा रागवायचंय, आणि लांबून रागवलं की ते भांडण वाटतं. म्हणून जवळ बस.

तू समोर नाहीस, मला माहीत आहे. तू निघोज्यात, मी निगडीत, मधे नदी आणि तळवड्याच्या चौकातली ती गर्दी. पण माणूस समोर बसलंय असं धरल्याशिवाय मला लिहिता येत नाही. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते पोराच्या वह्या तपासता तपासता. तेव्हा शुद्धलेखन बघू नकोस, म्हणणं ऐक.

परवा तुझ्याकडं आले होते. मेहुणे कॉटवर पडलेले, त्यांचा डावा हात तुझ्या मांडीवर, आणि तू तो हात असा रगडत होतीस की जणू करपलेलं पातेलं घासतेस. दात-ओठ खाऊन. तेल कोपरापर्यंत ओघळलेलं. कपाळाचा घाम बाहीला पुसत तू मला म्हणालीस, "अक्का, रोज असं मुरवते बघ. डोळे मिटून पडतेत. बरं वाटतंय त्यांना."

मी मेहुण्यांकडं पाहिलं. डोळे मिटलेले होते खरे. पण तू त्यांच्या पायाचा अंगठा बघितलास का? चांगल्या पायाचा, उजव्या. ज्या अंगावरून वारं गेलं नाही त्या अंगाचा. तो आत वळून घट्ट आवळलेला होता.

मी तिथं काही बोलले नाही. चहा घेतला, तू बांधून दिलेल्या कडाकण्या घेतल्या आणि बसमध्ये बसले. बस चौकात नेहमीसारखी अडकली. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, आणि मधे मी मांडीवर पिशवी धरून, स्वतःचीच लाज वाटत बसलेली. कारण तो अंगठा माझ्या ओळखीचा आहे. आमच्या घरात मी तो वर्षभर बघितला आणि मला कळला नाही. म्हणजे रागवणं खरं तर माझ्यावरचंच आहे. तू मधे सापडलीस इतकंच.

तुला आमच्या ह्यांचं काम ठाऊक आहे, पण तसं ठाऊक नाही. प्रेसशॉपला होते, एवढंच आपण सगळे सांगायचो. मीसुद्धा लग्नानंतर कितीतरी वर्षं तेवढंच सांगत होते. मग एकदा कंपनीनं घरच्यांना आत नेऊन दाखवलं. सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून गेलो होतो. ते मशीन घराएवढं उंच. वरनं खाली आलं की तळपायातून थेट दातांपर्यंत हादरा. आणि त्याच्या जबड्यापाशी हे उभे. हात आत, पत्रा ठेवला, हात बाहेर, मग वर होतं ते खाली. पुन्हा हात आत. मला तिथं बघवेना. मी शेजारणीला म्हटलं, मला पाणी प्यायचंय, आणि बाहेर आले.

चाकणच्या कंपनीत तरी दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय मशीन हलायचं नाही, म्हणजे हात बाहेर आहेत हे पक्कं. पण त्याआधी पिंपरीच्या एका शेडमध्ये हे होते, तिथं पायानं दाबायचं पेडल होतं. तिथं शेजारच्या मशीनवरच्या माणसाची बोटं गेली. त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "आज एकाला लागलं," आणि ताटावरून उठले. मी म्हटलं असेल काही खरचटलं. बोटं गेली होती हे मला त्यानंतर कितीतरी वर्षांनी कळलं, तेही कसं कळलं ते पुढं सांगते.

तेव्हापासून म्हण किंवा आधीपासून म्हण, ह्यांचे हात कधी सैल दिसलेच नाहीत. उभे राहिले तरी कोपरं अंगाला चिकटलेली. लेकाला पहिल्यांदा घेतलं तेव्हा असं धरलं की नर्स म्हणाली, "अहो, बाळ आहे, सिलिंडर नाही." मी पण चेष्टा करायचे. "हात काय कुणी पळवून नेणार आहे का तुमचे?" हे हसायचे नुसते. झोपेतही मूठ मिटलेली असायची. मला वाटायचं, माणसाची पद्धत असते एकेकाची.

रिटायर झाले आणि दुसऱ्या वर्षी उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला. मग चालताना तो हात झुलेनासा झाला. मग सदऱ्याची बटणं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळीचा अंमल असेपर्यंत बरं, उतरला की अंगाचं लाकूड. तुला आठवत असेल, तेव्हा मी किती वाळले होते. आजाराचं नाव कळल्यापासून माझी अन्नावरची वासनाच गेली होती. घास फिरायचा तोंडात. आणि हे समोर बसून माझ्या ताटाकडं बघायचे.

मग मी मालिश सुरू केली. आपल्या दोघींना मालिश म्हणजे काय ते माहितीच आहे. आई आपल्याला कशी रगडायची, आठवतंय? बाळंतपणात तर विचारूच नकोस. पाठीवर गुडघा देऊन. मी एकदा ओरडले तर म्हणाली, "ओरड, म्हणजे लागलंय बरोबर." दुखल्याशिवाय मालिश आत पोचतच नाही, असं धरूनच आपण वाढलो. मी तेच केलं. लसूण आणि ओवा घालून तेल कढवायचं, सकाळी गॅलरीतल्या उन्हात ह्यांना चटईवर निजवायचं, आणि तासभर. कडक झालेला दंड अंगठ्यानं दाबून दाबून मऊ करायचा. जितकं कडक लागेल तितका जोर. हे डोळे मिटून, पायाचे अंगठे आवळून पडायचे. मी विचारायचे, "बरं वाटतंय का हो?"

"हं."

एवढंच. त्या एका "हं"वर मला भूक लागायची. कणीक मळताना हातात जोर आलेला असायचा. आपल्या हातून माणसाचं काहीतरी चाललंय, असं वाटायचं. दोन भाकरी खायचे मी, हे बघून सूनबाईसुद्धा म्हणाली, "आई, आता बऱ्या दिसता."

वर्ष गेलं असं. हात काही सैल होईना, उलट जास्तच आखडला. मला वाटलं, माझाच जोर कमी पडतोय.

मुलगा वाकडला राहतो. त्याच्या सोसायटीशेजारी एक बाई येणाऱ्यांना हालचालीची मालिश देतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं. फिजिओथेरपी शिकलेल्या, आणि वर हे वेगळं शिकून आलेल्या. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, गोळ्या चालू ठेवून खुशाल करा, आजार जाणार नाही पण अंगाला आराम पडेल. मला राग आला खरं सांगायचं तर. घरात मी असताना परकी बाई कशाला? पण गेले. आणि जाताना तेलाची बाटली गरम करून, फडक्यात गुंडाळून, पिशवीत घेऊन गेले. लिफ्टमध्ये ती बाटली पाझरली. लसणाचा वास सगळा. लिफ्टमधली दोन पोरं एकमेकांकडं बघायला लागली, आणि मुलगा माझ्याकडं.

त्या बाई माझ्या सुनेच्या वयाच्या. मी त्यांना ताईच म्हणायचे. त्यांनी बाटली घेतली, वास घेतला आणि टेबलावर ठेवून दिली. "काकू, ही घरी न्या परत. मला तेल लागत नाही. कपडेही काढायचे नाहीत, काकांना आहेत तसे झोपू द्या."

मी म्हटलं, "तेल नाही, दाब नाही, मग मालिश कसली हो?"

"बघा ना बसून," म्हणाल्या.

त्यांनी ह्यांच्या सदऱ्याची बाही वर केली, फक्त बघायला. दंडाच्या आतल्या बाजूला निळे-पिवळे डाग होते. जुन्यावर नवे. मी रोज तो दंड हातात घेत होते गं. पण तेलात आणि उन्हात मला तो कधी दिसलाच नाही, की मी बघितलाच नाही, देव जाणे.

"काका, हे कशाचं?"

हे लगेच म्हणाले, "दारावर आपटलो."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. तेवढे त्यांनी माझ्यावर उपकार केले.

मग त्यांनी एक तळवा ह्यांच्या कोपराखाली दिला, एक मनगटाखाली, आणि हात गादीवरून जरासा उचलला. तान्ह्या लेकराचं डोकं धरावं तसा. आणि हलवायला लागल्या. दोरीवरचं धोतर वाऱ्यानं हलावं, तेवढंच. मला वाटलं, आता सुरू करतील, मग सुरू करतील. ते सुरूच होतं.

"काका, हाताचं वजन मला द्या."

"दिलं की."

ताईंनी आपले दोन्ही हात अलगद काढून घेतले. आणि ह्यांचा हात तिथंच राहिला. अधांतरी. गादीच्या वर वीतभर. कुणीच धरलेला नाही, तरी तिथंच.

"बघा," त्या म्हणाल्या, "मी सोडलाय. तुम्ही सोडला नाहीत."

ह्यांनी आपल्याच हाताकडं असं पाहिलं, जसं दुसऱ्याच्या घरातली वस्तू आपल्या पिशवीत निघावी.

येताना गाडीत आम्ही मागं बसलो होतो. हिंजवडीकडून सुटलेल्या गाड्यांची रांग, आमची गाडी मुंगीच्या पावलानं. मी विचारलं, "आपल्या घरात त्या उंचीवर आपटायला दार कुठलं आहे?"

हे खिडकीतून बाहेर बघत राहिले.

"मी दुखवत होते. होय ना?"

ह्यांनी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"वर्षभर? अहो, तोंड नव्हतं का तुम्हाला? एकदा ओरडायचंत तरी."

हे म्हणाले, "मालिश झाली की तू पोटभर जेवायचीस."

ड्रायव्हर समोर होता म्हणून मी रडले नाही. घरी येऊन ती तेलाची बाटली मोरीत ओतली. चार दिवस घरात लसणाचा वास येत होता.

तुला सांगते, त्यानंतर मला त्यांच्या अंगाला हात लावायची भीती बसली. हे हात पुढं करायचे आणि मी म्हणायचे, नको, मला येत नाही. ताईंनी ते ओळखलं. तिसऱ्या का चौथ्या खेपेला मला म्हणाल्या, "आता तुम्ही करा काकू. मी आठवड्यातून एकदा. तुम्ही रोज." मी नाही नाही म्हणत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवले आणि माझे खांदे खाली आणले. मला ठाऊकच नव्हतं की ते कानाला लागलेत. "आधी तुमचे सोडा. तुमचं अंग घट्ट असलं की त्यांच्या अंगाला कळतं. ते लगेच राखण करायला लागतं." मग मी हात धरला, हलवला. त्या म्हणाल्या, "हळू." मी हळू केलं. "त्याच्या निम्म्यानं." केलं. "अजून त्याच्या निम्म्यानं." मी म्हटलं, "ताई, याच्या खाली तर मला झोप लागेल." म्हणाल्या, "लागू द्या. त्यांनाही लागेल."

पाय कसा हलवायचा तेही दाखवलं. टाच तळव्यात घ्यायची आणि पाऊल नुसतं डोलवायचं, ओढायचं नाही, दाबायचं नाही. अंग सैल असलं तर ते डोलणं वर वर जातं, गुडघ्यातून, कमरेतून, खांद्यातून, आणि शेवटी हनुवटी हलते. पाऊल इथं, हनुवटी तिथं, आणि दोन्ही एका लयीत. ह्यांचं डोलणं पहिल्या दिवशी गुडघ्याच्या वर गेलं नाही. मला तेच एक वेड लागलं. आज कुठवर गेलं? आज कंबर. आज परत गुडघाच.

पण हात काही येईना. पाय सुटायला लागला, मान सुटायला लागली, उजवा हात मात्र राखणीला उभाच. एका खेपेला ताईंनी विचारलं, "काका, कंपनीत कधी हात मोकळा सोडायचात का?"

"कधीच न्हाई."

"कधीच?"

आणि मग, त्या गादीवर पडल्या पडल्या, छताकडं बघत, ह्यांनी त्या पिंपरीच्या शेडमधली गोष्ट सांगितली. मी समोर स्टुलावर बसले होते. मी पहिल्यांदा ऐकत होते. तो माणूस ह्यांच्याशीच बोलत होता म्हणे. काहीतरी विनोद सांगत होता. हसला आणि हसता हसता हात जरा आतच राहिला. हे म्हणाले, "हात सैल पडला की गेला. एवढंच ध्यानात ठिवलं." मग आठवल्यासारखं म्हणाले, "मेंटेनन्सला सोडायचो. मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, आणि किल्ली आपल्या खिशात. दुसऱ्या कुणाला चालूच करता यायचं न्हाई. तेव्हा हात आत घालायचो बिनघोर."

ताईंनी मान हलवली. मी मात्र ते पदराला गाठ मारून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता, चहा झाल्यावर, ह्यांना चटईवर निजवलं. कपाटाची किल्ली काढली, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून म्हटलं, "मेन बंद केलाय. कुलूप घातलंय. किल्ली तुमच्याकडं."

आधी डाव्या हातानं खिसा चाचपला. मग हसले. त्या आजारात चेहरा हसत नाही गं, चेहऱ्याचंही लाकूड होतं. पण पोट हललं हसण्यानं. आणि हात आला.

कसा आला म्हणून सांगू? माझा तळवा एकदम खाली गेला. इतकी वर्षं संसार केला, त्या हातात पगाराचं पाकीट बघितलं, भाजीची पिशवी बघितली, पण नुसत्या हाताचं वजन किती असतं हे मला माहीत नव्हतं. चांगलंच असतं. मी हलवायची विसरले. तसाच धरून बसले. ह्यांना झोप लागली.

मग दोन हिवाळे आम्हाला बरे गेले. आजार होताच, गोळ्या वाढतच होत्या, ते काही मी लपवत नाही. पण चार वाजताचा तो अर्धा-पाऊण तास झाला की पुढचे दोन-तीन तास माणूस मोकळा असायचा. अंथरुणात कूस बदलायला मला हाक मारायचे ते थांबले. वरची दोन बटणं स्वतः लावायचे, खालची माझ्याकडं. खाली बागेत चालायला गेलो की उजवा हात झुलायचा, थोडा, पण झुलायचा. मी मुद्दाम दोन पावलं मागं राहून बघायचे. आवाज खोल गेला होता तो जरा वर आला. आणि माझंही बरं झालं. तेवढा वेळ हात हळू हलवत बसलं की आपला श्वास आपोआप लांब होतो. आणि एक सांगते, हसू नकोस. आपल्या घरात नवऱ्याचा हात दिवसाउजेडी कुणी धरला होता? मी दोन वर्षं रोज धरला. पहिले काही दिवस तर गॅलरीचा पडदा ओढून घेत होते.

कधी किल्ली विसरले की हात तिथंच अडायचा. "किल्ली?" म्हणायचे. एकदा तर तुझ्याकडच्या बारशाला निघायचं होतं, साडी कपाटात, किल्ली ह्यांच्या खिशात, आणि हे गाढ झोपलेले. उठवायचं मन होईना. म्हणून त्या दिवशी मी घरातल्या साडीवर आले होते. तू सगळ्यांसमोर मला बोललीस, "अक्का, बारशाला अशी येतेस?" तेव्हा मी काही सांगितलं नाही. आता कळलं ना?

शेवटी शेवटी गिळताना त्रास व्हायला लागला. पाणी चुकीच्या वाटेनं जायचं, खोकला, छातीत कफ. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं, मुलानं मला न सांगता सांगितलं. मी चार वाजताचं सोडलं नाही. ताई म्हणाल्या, आता हात-पाय नुसते धरलेत तरी पुरे.

त्या दिवशी मी दोघांचा चहा केला. ह्यांच्या चहात, ठसका लागू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेलं ते घट्ट करायचं पीठ घातलं, गार व्हायला ठेवला आणि चटईवर बसले. हात उचलला. किल्ली घ्यायला उठणारच होते, तेवढ्यात हात आला. सगळाच आला. एवढा कधी आला नव्हता. मला आनंद झाला गं. म्हटलं, "आज किल्लीवाचून? शहाणे झालात की."

हात झुलवला. मग पायाशी सरकले, टाच तळव्यात घेतली, पाऊल डोलवलं. आणि हनुवटी हलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पाऊल इथं आणि हनुवटी तिथं, एका लयीत. माझ्या मनात आलं, उद्या ताईंना फोन करून सांगायचं. मी डोलवत राहिले. त्यांच्याशी बोलतही होते काहीबाही, दूधवाल्याचं, पाण्याच्या टाकीचं. मग माझी नजर सदऱ्याच्या खिशाकडं गेली. रिकामा खिसा. तो वरखाली होत नव्हता.

मी किती वेळ डोलवत होते ते कुणाला सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. तुला सांगते. चहावर साय धरली होती.

मग सगळे जमले तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "अक्का, शांत गेले." हो, शांत गेले. पण त्या दिवशी जे वजन माझ्या हातात आलं ते मी धरत नाही. ते कुणाच्याही हातात येतं. मी त्याआधीच्या दोन हिवाळ्यांचं धरते, किल्ली खिशात असतानाचं. आणि दोन हिवाळे आठवले की त्याच्या पाठोपाठ ते वर्ष आठवतं, गॅलरीतल्या उन्हातलं. ते वर्षही आमच्याच वाट्याचं होतं गं. तेही तसंच जाऊ शकलं असतं. मी ह्यांची माफी मागितली होती. हे म्हणाले, "सोड." पण आता घरात चार वाजतात आणि मला ते पायाचे आवळलेले अंगठे दिसतात.

म्हणून मेहुण्यांचा अंगठा बघून मी गप्प बसले ते चुकलं. ते तुला सांगणार नाहीत. तू किती घाम गाळतेस ते बघतेत, आणि गप्प राहतेत. तू एक कर. आज हात लावण्याआधी त्यांच्या पायाकडं बघ, आणि हात लावल्यावर परत बघ. मग मी खोटं सांगते का ते ठरव.

डॉक्टरांना विचार आधी. वारं गेलेल्या अंगाचा खांदा जपावा लागतो, ओढून चालत नाही, हे मला ताईंनी सांगितलंय. त्या अजून वाकडलाच आहेत, आपण तिघं मिळून जाऊ. पण त्याआधी माझ्याकडं या. माझी चटई तशीच आहे. मी आधी तुझाच हात धरणार आहे, कारण तुझे खांदे पण कानाला लागलेत, तुला माहीत नाही. मग तू त्यांचा धर. कपाटाची किल्ली त्यांना नाही चालायची. जन्मभर कंटेनर चालवलेला माणूस, गाडी कुठं उभी केली, चाकाखाली कसला दगड लावला, की बिनघोर झोपायचे, ते तुलाच ठाऊक असेल. नसेल तर विचार. विचारलं तर सांगतात गं हे लोक. मी कधी विचारलंच नव्हतं.

आणि माझा पण उजवा खांदा हल्ली वर जात नाही. वेणी घालताना हात अडतो. मुलगा म्हणतो, ताईंकडं चल. जाईन. पण मला वाटतं तू शिकावंस आणि तू धरावास.

येत्या गुरुवारी ये. इकडच्या कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी असते, चौक मोकळा मिळेल, मेहुण्यांना रिक्षात धक्के बसणार नाहीत. जेवायलाच या, चार वाजेपर्यंत थांबा. आणि ये म्हटलं की "बघू अक्का, जमलं तर" असं म्हणू नकोस. ये. तेल मात्र आणू नकोस.